एका बेटावरचा पक्षी दुसऱ्या बेटावर नेतात तो कसा? सेशेल्स वटवट्याच्या निमित्ताने

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवरचा, सेशेल्स वॉर्बलर नावाचा पंधरा ग्रॅम वजनाचा, किडे खाऊन जगणारा रानपक्षी एके काळी जगात एकाच बेटावर उरला होता. त्यातले काही पकडून दुसऱ्या बेटांवर सोडले आणि जात वाचली, असं तुमच्या वाचनात आलं. हे प्रत्यक्षात करतात कसं, किती पक्षी न्यावे लागतात, ते उडून परत येत नाहीत का, मूळ बेट रिकामं होत नाही का, आणि हेच आपल्या रानपिंगळ्यासाठी (मध्य भारतातलं दुर्मिळ छोटं घुबड) का करत नाहीत?

तुमचे पहिले चारही प्रश्न पकडणं, नेणं आणि सोडणं याभोवती फिरतात. पण कामाचा हा भाग फार तर काही आठवड्यांचा. फोटो त्याचेच निघतात, म्हणून तोच मोठा वाटतो. खरा प्रश्न वेगळा आहे: दुसऱ्या बेटावरून हा पक्षी ज्या कारणाने गेला किंवा तिथे ज्या कारणाने टिकला नसता, ते कारण आता दूर झालंय का? याचं उत्तर ठामपणे ‘हो’ असेल तर पक्षी नेणं तुलनेने सोपं आहे. तसं नसेल तर ते नेणं म्हणजे पक्षी मारायची खर्चिक पद्धत.

आधी पक्ष्याची ओळख, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावरच बेतलेले आहेत. हा आपल्याकडे हिवाळ्यात येणाऱ्या बोरू वटवट्यांच्याच प्रजातीगटातला, अ‍ॅक्रोसेफॅलस. म्हणून त्याला मी सेशेल्स वटवट्या म्हणतो. आपले बोरू वटवटे झुडपांत, गवतात, बोरूत रमतात. हा मात्र जंगलात झाडांवर राहतो आणि किडे बहुतांश पानांच्या खालच्या बाजूने टिपतो. जोडी हद्द धरून राहते आणि ती हद्द सहसा सोडत नाही. घरट्यात बहुतेक वेळा एकच अंडं असतं, आणि पिल्लू घरट्यातून बाहेर पडल्यावरही दोन-तीन महिने आईबापांवर अवलंबून राहतं. म्हणजे जोडीमागे वर्षाला जेमतेम एक पिल्लू. अशा जातीला मोठ्या पक्ष्याचा मृत्यू फार महाग पडतो.

१९६०च्या दशकात हे पक्षी फक्त कझिन या बेटावर उरले होते. बेटाचं क्षेत्रफळ सुमारे २९ हेक्टर आणि पक्षी तीसच्या आत. बेटभर नारळाची लागवड होती. किनाऱ्यालगतच्या थोड्याशा झाडीत पक्षी तग धरून होते. १९६८ मध्ये आजच्या बर्डलाइफ इंटरनॅशनलच्या पूर्वसूरी संस्थेने बेट विकत घेतलं. तेव्हा कुणी पक्षी हलवले नाहीत, पिंजऱ्यात प्रजनन केलं नाही की दाणापाणी घातलं नाही. नारळाची रोपं उपटत राहिले आणि पिसोनिया, बारतोंडी (आजकाल जिला नोनी म्हणून बाटलीत विकतात तीच) अशी मूळची झाडी परत वाढू दिली. १९८०च्या सुमारास पक्षी तीनशेच्या वर गेले आणि तिथेच थांबले, कारण बेट भरलं. हलवण्याचा विचार त्यानंतरचा. क्रम लक्षात घ्या: आधी घर सावरलं, मग सांडलेलं दुसरीकडे नेलं.

आता दुसरं बेट तयार आहे हे ठरवायचं कसं? मी तीन गोष्टी बघतो आणि तिन्हींना सारखं वजन देत नाही.

सगळ्यात वर उंदीर. काळा उंदीर झाडावर सहज चढतो, अंडं खातो, पिल्लू खातो आणि रात्री घरट्यावर बसलेल्या मादीलाही धरतो. एक-अंडी जातीला हा शेवटचा प्रकार परवडत नाही. त्यामुळे उंदीर ‘कमी’ असून भागत नाही, शून्य लागतात. विष म्हणून सहसा ब्रोडिफॅकूम वापरतात. ते रक्त गोठू देत नाही, पण उंदीर मरायला काही दिवस जातात, आणि हीच त्याची सोय आहे: खाल्लं आणि लगेच त्रास झाला असं घडत नसल्याने बाकीचे उंदीर आमिषाला बिचकत नाहीत. हाताने टाकायचं तर बेटावर चौकटी आखून ठरावीक अंतरावर आमिषाच्या पेट्या ठेवाव्या लागतात आणि एकही चौकट सुटता कामा नये. कडेकपारीचा एक तुकडा ‘तिथे काय असणार’ म्हणून सोडला आणि त्यात एक गाभण मादी राहिली, की सगळा खर्च पाण्यात.

विषाचा दुसरा धोका इतर पक्ष्यांना. फ्रेगेट बेटावर २००० साली तपकिरी उंदरांचा बंदोबस्त करण्याआधी तिथले सेशेल्स दयाळ आणि फोडी (सुगरणीच्या कुळातला छोटा पक्षी) पकडून पिंजऱ्यांत सांभाळावे लागले होते. त्यानंतर पेंड भरलेल्या मेणाच्या कांड्या, पावलांचे ठसे उमटवणाऱ्या शाईच्या नळ्या, पीनट बटरचं आमिष अशी टेहळणी साधारण दोन वर्षं चालवायची. दोन वर्षांत एकही दातांची खूण नाही, तेव्हाच उंदीर संपले म्हणायचं. आणि ती टेहळणी पुढे कधीच बंद करायची नाही, कारण उंदीर होडीतून परत येतो. कझिनवर आजही पर्यटकांच्या होड्या थेट किनाऱ्याला लागत नाहीत. लोकांना बेटाच्याच होडीत उतरवून घेतात. हे नाटक नाही.

दुसरी गोष्ट, किडे. यासाठी अवजड उपकरणं लागत नाहीत. दर महिन्याला बेटाच्या ठरलेल्या जागांवर प्रत्येक मुख्य झाडाची पन्नास पानं, न तोडता, हलकेच उलटून खालच्या बाजूचे किडे मोजायचे. मग त्या झाडाचं पानोरं किती आणि हद्दीचं क्षेत्र किती याने गुणून अंदाज काढायचा. नवशिके इथे घाई करतात: पाऊस पडून गेल्यावर एकदा मोजतात आणि बेट किड्यांनी भरलंय असं लिहून टाकतात. सेशेल्समध्ये साधारण मे ते सप्टेंबर आग्नेयेचा वारा जोरात असतो. वाऱ्याकडच्या किनाऱ्यावर खारे तुषार येतात, पानं करपून गळतात, आणि पान गेलं की पानाखालचा किडाही गेला. म्हणून दोन्ही वाऱ्यांचे हंगाम धरून किमान वर्षभराची मोजणी हवी. मी सरासरीपेक्षा सगळ्यात वाईट महिन्याचा आकडा आधी बघतो. पक्षी सरासरीवर जगत नाही.

तिसरी गोष्ट, तिथे आधीच कोण राहतं. फोडी अंडी फोडतात, सापसुरळ्याही खातात. पण मूळ बेटावर हे शत्रू असतील तर वटवट्याला त्यांची सवय असते. कझिनवर फोडी आहेत, म्हणून मादी घरट्यावर नसताना नर पहारा देतो; तेव्हा फोडी नसलेल्या अराइड बेटावर नेलेल्या नरांनी पहाऱ्यात वेळ घालवला नाही. म्हणून मूळचे शत्रू मला फार घाबरवत नाहीत. बाहेरून आलेले घाबरवतात: उंदीर, मांजर, साळुंकी.

आता ‘किती’चा हिशोब. १९८८ मध्ये अराइडवर २९ पक्षी नेले, १९९० मध्ये कझीनवर (हे कझिनपेक्षा वेगळं, शेजारचं बेट) पुन्हा २९. २००४ मध्ये डेनिसवर ५८ आणि २०११ मध्ये फ्रेगेटवर ५९. चारही ठिकाणी जम बसला. मग आकडा दुप्पट का केला? कारण जम बसणं आणि जनुकीय विविधता सोबत येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समजा एखादा जनुकीय प्रकार मूळ समूहात पाच टक्के आहे. प्रत्येक पक्ष्यात जनुकाच्या दोन प्रती असतात, म्हणून २९ पक्षी नेणं म्हणजे ५८ प्रती तपासल्यासारखं होतं. तो पूर्णपणे सुटण्याची शक्यता ०.९५चा ५८वा घात, म्हणजे सुमारे पाच टक्के. ५८ पक्ष्यांत हीच शक्यता पाव टक्क्याच्या आसपास येते. हा झाला कागदावरचा हिशोब. प्रत्यक्षात नेलेले सगळे पिल्लं देत नाहीत. २९ पैकी २०च पुढच्या पिढीत उतरले तर तोच प्रकार गमावण्याची शक्यता तेरा टक्क्यांवर जाते. असे प्रकार एक-दोन नसतात, त्यामुळे गळती बेरजेने वाढते. पुढे केलेल्या तपासणीतही २९वाल्या बेटांपेक्षा ५८-५९वाल्या बेटांवर विविधता जास्त टिकलेली दिसली. या जातीत ती मुळातच तुटपुंजी आहे. संग्रहालयांतल्या जुन्या कातड्यांशी ताडून पाहिलं तर विसाव्या शतकात प्रजननक्षम संख्या हजारांवरून पन्नासच्या खाली घसरल्याचं दिसतं. उरलेल्यातलं आणखी सांडणं शहाणपणाचं नाही.

मात्र ५८ हा आकडा सगळीकडे लावू नका. त्याच देशातला सेशेल्सचा स्वर्गीय नर्तक (आपल्या स्वर्गीय नर्तकाचा भाऊबंद, नर जवळजवळ काळाकुट्ट) २००८ मध्ये ला डीग बेटावरून डेनिसवर नेला तेव्हा २३ पक्षीच नेले. मूळ समूहातून किती काढता येतात हा वरचा बांध असतो, जनुकांचा हिशोब त्याच्या आत बसवावा लागतो.

मूळ बेट रिकामं होईल का, याचं उत्तर इथेच येतं. कझिनवर सुमारे ३२० पक्षी आणि ११०च्या आसपास हद्दी. म्हणजे बरेच वयात आलेले पक्षी स्वतःची हद्द नसल्याने आईबापांच्या हद्दीतच मदतनीस म्हणून राहतात, जास्त करून माद्या. हद्दीतला मालक उचलला की जागा रिकामी राहत नाही. कित्येकदा काही तासांत शेजारचा मदतनीस येऊन बसतो. त्यामुळे ५८ पक्षी काढले, म्हणजे साधारण अठरा टक्के, तरी भोक लवकर बुजतं. जिथे अशी रांग नाही, हद्दीच रिकाम्या पडल्यात, तिथे दहा पक्षी काढणंही चूक ठरेल. आधी रांग आहे का ते बघा.

कोणते पक्षी न्यायचे? रंगीत कड्या घातलेला समूह असला की अर्धं काम झालेलं असतं, कारण कोण कुणाचं पिल्लू आणि वय काय याची नोंद असते. प्रत्येक पक्ष्याला क्रमांकाची एक धातूची कडी आणि रंगीत प्लास्टिकच्या कड्या. दुर्बिणीतून रंगांचा क्रम वाचला की ओळख पटते. कड्या नसतील तर डोळा बघायचा: पिल्लाचा करडा, मग फिकट तपकिरी आणि पूर्ण वाढलेल्याचा लालसर तपकिरी. नर किंचित मोठा असतो, पण मापावरून लिंग ठरवून चालत नाही. पंखाखालच्या शिरेतून रक्ताचा बारीक थेंब घेऊन डीएनए चाचणी आधीच करून ठेवायची. अंदाजाने नेलं आणि तिकडे गेल्यावर वीस नर, नऊ माद्या निघाल्या तर काय करणार?

यादीतून वगळायचे ते असे: सख्खी भावंडं एकापेक्षा जास्त नकोत, फार म्हातारे नकोत, घरट्यात अंडं-पिल्लू असलेली जोडी नको, आणि घरट्याबाहेर पडलेलं पण अजून भरवावं लागणारं पिल्लू सोबत असलेलीही नको. यासाठी पकडण्याच्या आदल्या दिवसांत प्रत्येक मादीच्या मागे किमान पंधरा मिनिटं शांतपणे फिरायचं. काड्या नेतेय का, ठरावीक फांदीवर नाहीशी होतेय का, चोचीत किडा असून गिळत नाहीये का? तीनपैकी काही दिसलं तर नाव खोडायचं.

पकडणं पहाटे ते साधारण नऊपर्यंत. हद्दीच्या आत सावलीत मिस्टनेट (सहज न दिसणारं बारीक धाग्याचं जाळं) लावून त्याच जातीचा आवाज वाजवला की मालक तावातावाने येतो. जाळ्यापासून कुणीही हलायचं नाही. कझिनसारख्या बेटावर दोन अडचणी आणखी आहेत. जमिनीत शिअरवॉटर या समुद्रपक्ष्यांची बिळं असतात, पाय पडला की छत खचतं आणि आतलं पिल्लू गाडलं जातं. म्हणून जाळ्याची जागा आणि वाट आदल्या दिवशीच दिवसाउजेडी ठरवायची. दुसरी पिसोनियाची बी. ती बारीक आणि भयंकर चिकट असते. नॉडीसारखे समुद्रपक्षी तिने पंख चिकटून मरतात. बिया पिकलेल्या झाडाखाली जाळं लावू नका, आणि हातात आलेल्या पक्ष्याचे पंख पसरवून, शेपटीच्या बुडाशी फुंकर मारून बी चिकटलेली नाही ना ते बघा. ती पक्ष्याला घातक आहेच, शिवाय नव्या बेटावर न मागता जाते.

पेटी एका पक्ष्याला एक. हद्दीसाठी भांडणारे दोन पक्षी एकत्र घातले तर पोहोचेपर्यंत एकाचं डोकं सोललेलं असेल. आत खरबरीत दांडी, तळाला कापड, खालच्या बाजूला हवेची भोकं, आणि अंधार. अंधारात पक्षी शांत बसतो. पेट्या नव्या किंवा निर्जंतुक केलेल्या, माती-पाला काही नको. आत ओलसर मेलेले किडे ठेवायचे. जिवंत किडे नेऊ नयेत, कारण निसटलेला किडा हाही त्या बेटावरचा परका पाहुणाच. घाबरतात लोक हेलिकॉप्टरच्या आवाजाला, पण मारतो तो उकाडा. पेट्या सावलीत, एकावर एक न रचता, मध्ये हवा खेळेल अशा ठेवायच्या. वजन पकडल्यावर आणि सोडण्याआधी, असं दोनदा. पंधरा ग्रॅमच्या पक्ष्याने दीड ग्रॅमहून जास्त गमावलं असेल तर त्याला आधी भरवायचं, मग सोडायचं. होडी की हेलिकॉप्टर हे समुद्रावर अवलंबून आहे. होडीच्या हिंदकळण्यात दोन तास काढण्यापेक्षा पंधरा मिनिटांची हवाई उडी केव्हाही बरी, पैसे असले तर.

सोडायचं त्याच दिवशी, दुपार कलण्याआधी, वाऱ्याच्या आडोशाच्या दाट झाडीत. तिथे सहा-साडेसहाला अंधार पडतो. पोट भरायला चार तास तरी मिळायला हवेत. आधी पिंजऱ्यात ठेवून सवय लावावी का, असं बरेच जण विचारतात. पोपटासारख्यांना त्याचा उपयोग होतो. पानाखालचे किडे वेचणाऱ्या पक्ष्याला पिंजऱ्यात पुरेसं खायला घालणं हेच मोठं काम होऊन बसतं, म्हणून मी थेट सोडण्याच्या बाजूचा आहे.

परत येतील का? कझिन आणि कझीन यांच्यात दीडेक किलोमीटर पाणी आहे. एक बेट गच्च भरलेलं होतं, दुसरं रिकामं होतं, तरी हे पक्षी वर्षानुवर्षं तिकडे जाऊन वसले नाहीत; नेऊनच सोडावे लागले. पंखांत बळ नाही अशातला भाग नाही, पाणी ओलांडायची प्रवृत्तीच नाही. म्हणूनच हा पक्षी एका बेटावर अडकला, आणि म्हणूनच सोडल्यावर टिकून राहतो.

सोडल्यानंतरच्या काळात दोन गोष्टी बघून लोक उगाच दचकतात. अराइडवर पक्ष्यांनी वर्षभर घरटी केली आणि मदतनीस दिसेनात. हे बिघडल्याचं लक्षण नव्हतं. हद्दी मुबलक असल्याने कुणाला मदतनीस म्हणून थांबायची गरजच नव्हती. बेट भरत आलं तशी मदतनीसांची पद्धत परत सुरू झाली. दुसरं, पिल्लांमधलं नर-मादी प्रमाण. कझिनवरच्या अभ्यासात निकृष्ट हद्दीत ७७ टक्के नर पिल्लं आणि उत्तम हद्दीत जेमतेम १३ टक्के, असं आढळलं होतं. मदत करतात त्या लेकी, त्यामुळे खायला भरपूर असेल तर लेक परवडते, नसेल तर ती जागच्या जागी आणखी एक तोंड. तेव्हा किड्यांनी श्रीमंत नव्या बेटावर सुरुवातीला माद्याच माद्या निपजल्या तर लगेच नर आणायला धावू नका.

मोजायचं काय? पहिले दोन आठवडे रोज कड्या वाचायच्या, मग महिन्याने, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, पुढे दरवर्षी. सोडलेले किती जगले यापेक्षा मला बिनकडीचे किती दिसतात यात जास्त रस असतो. कडी नाही म्हणजे तो तिथेच जन्मला. बिनकडीचा पक्षी स्वतः हद्द धरून पिल्लं काढू लागला, की मग जम बसला म्हणायचं. आज पाचही बेटांवर मिळून हे पक्षी दोन हजारांच्या बरेच वर आहेत, आणि २०१५ पासून जात ‘संकटसमीप’ गटात आहे, त्याआधीच्या गटापेक्षा एक पायरी सुरक्षित.

राहिला रानपिंगळा. १९९७ मध्ये शहाद्याजवळ तो पुन्हा सापडला, २०१४ मध्ये तानशाच्या जंगलातही नोंद झाली, मेळघाटात आहे. पण तो मुख्य भूमीवरचा पक्षी. त्याच्यासाठी ‘कारण दूर झालेलं रिकामं बेट’ कुठे आहे? जंगलाचा जो तुकडा त्याच्याविना आहे तिथे बहुधा ढोलीची जुनी झाडं तुटलीत, जंगल विरळ झालंय किंवा चराई-वणवे चालू आहेत, आणि हे सगळं आजही तसंच आहे. तिथे पक्षी नेऊन सोडला तर तो त्याच कारणाने मरेल. शिवाय काढायला ‘रांग’ आहे का, हे कळण्यासाठी आधी कड्या घालून काही वर्षं हद्दी आणि हद्दीविना बसलेले पक्षी मोजावे लागतील. कझिनवर १९६८ ते १९८८ ही वीस वर्षं जे केलं, म्हणजे असलेली जागा नीट करणं, त्याचाच रानपिंगळ्याला आज उपयोग आहे: सागाच्या जंगलातली ढोली असलेली जुनी झाडं ‘वाळकी’ म्हणून तोडू न देणं, आणि दरवर्षी त्याच ढोल्या जाऊन तपासणं.